चाकांवरची चूल

ठाण्यातला फ्लॅट विकून आम्ही दोघे मोटरहोममध्ये कायमचे राहायला गेलो, तेव्हा परक्या लोकांनी विचारलेले प्रश्न आणि घरच्यांनी विचारलेले प्रश्न यांत पुष्कळ अंतर होते. पाण्याची टाकी केवढी, शौचालयाची व्यवस्था काय, रात्री भीती वाटत नाही का, ही परक्यांची चौकशी असते आणि तिची उत्तरे एकदा पाठ झाली की कोणालाही देता येतात. घरच्यांनी मात्र वेगळेच विचारले. गावकीची वर्गणी कोणाच्या नावावर फाडायची, दिवाळीला लेकीने कुठे यायचे, आणि सामाईक जमिनीत हिस्सा मागायला आलात की काय, हे त्यांचे प्रश्न होते. यांतल्या काहींची उत्तरे आम्हांला अजून पुरती देता आलेली नाहीत.

माझे पती तंत्रनिकेतनात शिकवत होते आणि मी करसल्लागाराच्या कचेरीत हिशेबाचे काम करीत होते, जे मी आता अर्धवेळ आणि दूरस्थपणे करते. पतींच्या निवृत्तीनंतर ठाण्यात राहण्याचे काही कारण उरले नाही. लेक पुण्यात नोकरी करते आणि तिथेच भाड्याने राहते. आमचे मूळ गाव गुहागर तालुक्यात आहे, तिथे सासूबाई, मोठे दीर आणि जाऊबाई राहतात, आणि निवृत्त माणसाने गावी जाऊन घर बांधावे हा सल्ला आम्हांला सर्वांनीच दिला. तो अमलात आणता येणार नव्हता, कारण आमच्या सातबाऱ्यावर पतींच्या आजोबांच्या वारसांची इतकी नावे आहेत की एक भिंत उभारायची म्हटली तरी मुंबई, बडोदे आणि बेळगाव इथून संमती गोळा कराव्या लागतील. कोकणात ही काही अपवादात्मक परिस्थिती नव्हे. आमच्या वाडीतली बरीचशी घरे याच कारणाने ना दुरुस्त होतात, ना विकली जातात. चाकरमानी गणपतीला येऊन कुलूप काढतात आणि गौरीगणपतींचे विसर्जन झाले की पुन्हा लावून जातात. कुलूपबंद असले तरी त्याला घर म्हणतात आणि तिन्हीत्रिकाळ माणसे राहात असलेल्या आमच्या गाडीला मात्र कोणी घर म्हणायला तयार नाही, याचे मला सुरुवातीला फार आश्चर्य वाटत असे.

पहिला आणि सर्वांत खणखणीत विरोध माझ्या थोरल्या भावाचा होता. दादा बँकेतून निवृत्त झालेला आहे आणि डोंबिवलीत राहतो. आम्हांला कर्ज झाले असावे आणि ते लपवण्यासाठी आम्ही ही टूम काढली असावी, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. पतींना बाजूला घेऊन त्याने रकमेची चौकशीसुद्धा केली. ती शंका फिटल्यावर त्याने दुसरा मुद्दा काढला, आणि तो खरा होता. घराची किंमत वाढत जाते आणि गाडीची विकत घेतल्या दिवसापासून उतरत जाते, तेव्हा एक विकून दुसरी घेणे हा शुद्ध तोट्याचा व्यवहार आहे, असे त्याचे म्हणणे होते. शिवाय राहते घर विकून दुसरे राहते घर घेतले तर तेव्हाच्या, म्हणजे १९६१ च्या, प्राप्तिकर कायद्याच्या ५४ व्या कलमाखाली भांडवली नफ्यावरच्या करातून सूट मिळत होती, मोटरहोमला ती मिळत नव्हती, कारण ते कायद्याच्या लेखी वाहन आहे. हे मला ठाऊक होतेच. म्हणून फ्लॅटच्या पैशांना हात न लावता गाडी आम्ही निवृत्तीच्या रकमेतून केली आणि नफ्याची रक्कम विक्रीपासून सहा महिन्यांच्या आत ५४ ईसी कलमाखालच्या रोख्यांत गुंतवली. या रोख्यांची मर्यादा ५० लाखांची आणि मुदत ५ वर्षांची असते. ५ वर्षे ते पैसे मोडता येत नाहीत, हे कळल्यावर दादाचा आवाज थोडा उतरला. म्हणजे हौस फिटली की घर घेता येईल, असा अर्थ त्याने काढला आणि आम्हीही तो खोडून काढला नाही.

गाडीविषयी थोडक्यात सांगते. जुनी प्रवासी गाडी घेऊन गॅरेजमध्ये पलंग आणि ओटा बसवून घ्यावा, असे अनेकांना वाटते. परंतु मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केले आहे. त्यामुळे मान्यताप्राप्त आराखड्यानुसार बांधणी करून, खासगी वापराची कॅम्पर व्हॅन या बिगर-वाहतूक वर्गात नोंदणी करून घेणे हाच सरळ मार्ग होता. एकूण वजन ७,५०० किलोंच्या आत असल्याने हलक्या मोटार वाहनाचा नेहमीचा परवाना चालतो, म्हणून मलाही ती चालवता येते. आत दोघांचा पलंग, दिवसा बसण्याचे आणि रात्री तिसऱ्याच्या झोपण्याचे बाक, दीडशे लिटर पाण्याची टाकी, सांडपाण्याची वेगळी टाकी, काढून रिकामे करता येणारे टाकीचे शौचालय, टपावर सहाशे वॉटचे सौर पॅनेल आणि साधारण अडीच युनिट वीज साठवणारी लिथियमची बॅटरी आहे. स्वयंपाकाला ५ किलोंचा छोटा सिलिंडर वापरतो. तो नुसत्या ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही.

बाकी सर्वत्र तो लागतो. फ्लॅटचा ताबा देण्याआधी बँक, विमा, निवृत्तिवेतन, मतदारयादी आणि गाडीची नोंदणी या सर्वांसाठी नवा पत्ता लागणार होता, आणि तो गावच्या घराचाच असू शकत होता. आधार प्राधिकरणाने २०२३ च्या जानेवारीत कुटुंबप्रमुखाच्या संमतीने पत्ता बदलण्याची सोय सुरू केली होती. नात्याचा पुरावा जोडायचा, ५० रुपये शुल्क भरायचे आणि कुटुंबप्रमुखाने ३० दिवसांच्या आत संकेतस्थळावर संमती द्यायची. आमच्या घरात कुटुंबप्रमुख म्हणून सासूबाईंचे नाव घालणे सोयीचे होते. त्यांच्या आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक मात्र जाऊबाईंचा होता, त्यामुळे संमतीसाठी येणारा सांकेतिक क्रमांक जाऊबाईंच्या हाती येणार होता. पतींनी फोन करून सर्व समजावून सांगितले. "हो, बघते हो भाऊजी," असे त्या म्हणाल्या आणि त्यानंतर फोन कधी रेंजमध्ये नसे, कधी चार्जिंगला लावलेला असे, तर कधी मुलगा खेळायला घेऊन गेलेला असे. मुदत उलटत आली. अखेर सासूबाईंनीच दिरांना सांगितले, की माझ्या मुलाचा पत्ता माझ्या घरी नाही लागणार तर कुठे लागणार, आणि दिरांनी समोर बसून संमती नोंदवली. पतींचा पत्ता बदलल्यावर विवाहाच्या दाखल्याच्या आधारे माझाही बदलला.

जाऊबाई टाळाटाळ का करीत होत्या, हे मला त्याच वेळी कळले आणि त्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. सासऱ्यांच्या पश्चात तीस वर्षे त्यांनी त्या घराची कौले परतली, आगराला शिंपणे केले, सासूबाईंचे गुडघे चोळले आणि घरपट्टी भरली. आम्ही गणपतीला आणि शिमग्याला पाहुण्यांसारखे येत होतो. शहरातले घर विकून धाकटा दीर गावच्या पत्त्यावर नाव चढवतो आणि चाकांवरचे बिऱ्हाड घेऊन अंगणात येऊन उभा राहतो, याचा अर्थ आमच्याकडच्या कोणत्याही थोरल्या जावेने एकच लावला असता. आधी पत्ता येतो, मग शिधापत्रिका येते, मग मांगराच्या जागेवर जोते येते आणि शेवटी तहसीलदाराकडे वाटणीचा अर्ज येतो, हे तिने शेजारच्या चार घरांत पाहिलेले असते.

ऑक्टोबरात पाऊस संपला की आम्ही निघतो आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस दक्षिण कोकणात पोचण्याच्या सुमारास, परत येतो. श्रीवर्धन, केळशी, आंजर्ले, हर्णै, गुहागर, हेदवी, गणपतीपुळे, पुढे देवगड, आचरे आणि वेंगुर्ले असा तो पट्टा आहे. खाड्या फेरीबोटीने ओलांडाव्या लागतात. बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड या फेऱ्या नसत्या तर प्रत्येक खाडीला वळसा घालून पार आतून यावे लागले असते. आमच्या गाडीचा मागचा भाग चाकांच्या बराच बाहेर आलेला आहे, त्यामुळे पूर्ण ओहोटीला बोटीची फळी उतरती झाली की तो धक्क्याला घासतो. म्हणून आम्ही भरतीचे वेळापत्रक पाहूनच धक्क्यावर जातो. माडाखाली गाडी लावायची नाही, कारण पडणारा नारळ सौर पॅनेल फोडतो. पुळणीवर उतरायचे नाही. दर काही दिवसांनी गाडीचे पोट गोड्या पाण्याने धुवायचे, नाहीतर खारे वारे लोखंडाला सोडत नाहीत. लेखापरीक्षणाच्या मोसमात मी खाडीकाठ सोडून सड्यावर मुक्काम करते, कारण नेटवर्क वर कातळावर चांगले असते आणि खाली वाडीत नसते. २०२१ मध्ये राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले असले तरी आम्ही पर्यटक नसल्यामुळे आमचा व्यवहार बहुतेक ठिकाणी कोणाच्या तरी अंगणाशी असतो.

आणि कोकणात कोणाचे तरी अंगण म्हणजे बहुधा नातेवाइकांचे अंगण असते. केळशीला माझ्या मावशीचे घर आहे, देवगडकडे पतींचे मामेभाऊ आहेत, आचऱ्याला चुलत नणंद आहे. पहिल्या वर्षी आम्ही मावशीच्या खळ्यात गाडी लावली आणि रात्री "आम्ही गाडीतच झोपतो" असे सांगितले, तेव्हा मावशी काही बोलली नाही, परंतु दुसऱ्या दिवशी तिने माझ्या आईला फोन करून आपले घर इतके वाईट आहे का, असे विचारले. आमच्या दृष्टीने आम्ही तिला त्रास देत नव्हतो, तिच्या दृष्टीने आम्ही तिच्या घरी येऊन तिच्या घरी आलोच नव्हतो. पाहुण्याला गादी घालून देणे हा यजमानाचा अधिकार आहे आणि तो आम्ही काढून घेतला होता. तेव्हापासून नातेवाइकांकडे गेलो की पहिली रात्र आम्ही घरात झोपतो आणि जेवण कधीही गाडीत करीत नाही. पहिल्या रात्रीनंतर यजमानीणच म्हणते, की तुमची सवयीची जागा बरी, जा आता. मामेभावाच्या घरी मात्र ही युक्ती चालली नाही. त्यांनी तिसऱ्या दिवशीही बिछाना घातला आणि आम्ही तो वापरला.

पाण्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. हजारो मिलीमीटर पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात जांभा पाणी धरून ठेवत नाही आणि एप्रिल-मे महिन्यांत विहिरी तळाला जातात. काटकसर करूनही आम्हां दोघांना रोज चाळीस-पन्नास लिटर पाणी लागते. मे महिन्यात एखाद्या वहिनी विहिरीतून कळशीने पाणी शेंदत असताना तिच्यासमोर नळी घेऊन उभे राहणे शोभत नाही, म्हणून उन्हाळ्यात आम्ही पाणी विकत घेतो, हे नातेवाइकांना कळू देत नाही आणि कळलेच तर पुन्हा एकदा रुसवा काढतो. सांडपाण्याचेही तसेच आहे. विहिरीच्या वरच्या अंगाला ते सोडले तर जांभ्यातून झिरपून थेट विहिरीत जाते. त्यामुळे टाकी कुठे रिकामी करायची हे विचारल्यावाचून आम्ही बूचसुद्धा काढत नाही. शौचालयाची टाकी सेप्टिक टाकी असलेल्या घरीच, परवानगीने, रिकामी करतो. यातली लाज आम्हांला फार होती, नातेवाइकांना आमच्या अपेक्षेपेक्षा कमी निघाली.

खरी परीक्षा पहिल्या पावसाळ्यात झाली. अंगणाच्या कडेला आम्ही पत्र्याची तात्पुरती शेड घातली आणि तिच्याखाली गाडी उभी केली. ढगांमुळे सौर पॅनेलवर वीज फारशी मिळत नाही, म्हणून घरातून वीज घेतली आणि त्यासाठी वेगळा मीटर बसवून त्याचे वाचन दर महिन्याला जाऊबाईंच्या समोर घेऊ लागलो. बुरशी हा पावसाळ्यातला मोठा शत्रू आहे. गादीखाली, कपाटाच्या मागे, चामड्याच्या पट्ट्यांवर ती रातोरात उगवते, आणि बंद गाडीत दोन माणसांचा श्वास व स्वयंपाकाची वाफ साचल्याने ती घरापेक्षा अधिक जोरात वाढते. यावर टपावरचा पंखा चालू ठेवणे आणि स्वयंपाक बाहेर करणे हेच उपाय आहेत. म्हणून मी शेडखाली शेगडी मांडली आणि त्यातून गावकीचा प्रश्न उभा राहिला.

आमच्या गावात ग्रामदेवतेच्या उत्सवाची, देवळाच्या दुरुस्तीची आणि पाखाडीच्या डागडुजीची वर्गणी घरटी घेतात, आणि घर किती हे चुलीवरून ठरते. एका छपराखाली दोन भावांच्या दोन चुली असतील तर ती दोन घरे. त्यांची वर्गणी दोन, शिमग्यात पालखी दोन्ही ओट्यांवर, आणि नारळ व ओटीही वेगळी. श्रावणातल्या बैठकीत कोणीतरी विचारले, की अमक्यांच्या अंगणात धाकट्याची शेगडी पेटते, तर यंदापासून त्यांची चूल वेगळी धरायची का? प्रश्न विचारणाऱ्याचा हेतू केवळ हिशेबाचा होता, असे मला वाटते. चाकरमान्यांची वर्गणी वेळेवर येत नाही आणि एक घर वाढले तर गावकीला हवेच असते. परंतु चूल वेगळी लिहिली गेली म्हणजे भाऊ वेगळे झाले, असे गावाने कागदावर मान्य केल्यासारखे होते. दीर बैठकीतून घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता, आणि जाऊबाईंना जी भीती वर्षभर वाटत होती ती आता गावानेच बोलून दाखवली होती.

त्या रात्री सासूबाईंनी आम्हां चौघांना माजघरात बसवले. त्यांनी पतींना एकच प्रश्न केला. "तू चूल मांडायला आलायस, की पाऊस काढायला?" पती म्हणाले, पाऊस काढायला. तेव्हा त्या म्हणाल्या, की मग जेवायला आत या. दुसऱ्या दिवसापासून शेडखालची शेगडी बंद झाली. पावसाळ्याचे चार महिने आम्ही दोन्ही वेळा घरात जेवतो, किराण्याचा निम्मा खर्च देतो आणि स्वयंपाकात माझी पाळी असते. गाडीत फक्त सकाळचा चहा होतो, आणि चहाला गावकी चूल मानत नाही. गावकीच्या वहीत आमचे घर एकच राहिले. आम्ही आमच्या वर्गणीएवढी रक्कम देणगी म्हणून वेगळी देतो, तिची पावती दिरांच्या नावावर फाडली जाते. शिमग्याला आम्ही जिथे असू तिथून परत येतो. पालखी मूळ घराच्या अंगणात नाचते आणि तेवढ्यापुरती गाडी वाडीबाहेर सड्यावर नेऊन लावावी लागते, कारण अंगणाची ती बाजू खेळ्यांना हवी असते.

मला स्वतःला हे सहज पचले नाही, हे सांगितले पाहिजे. आमची मोकळीक आम्ही बरीच किंमत देऊन मिळवली होती आणि वयाच्या त्या टप्प्यावर पुन्हा एकत्र स्वयंपाकघरात, कोणत्या भांड्याला कोणते झाकण यावरून होणाऱ्या बोलाचालीत जाणे मला नको होते. परंतु पर्याय तपासून पाहिले तेव्हा पावसाळ्यात गाडी ठेवायला याहून सुरक्षित जागा आम्हांला किनाऱ्यावर सापडली नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, दिवेआगर आणि दापोलीच्या किनाऱ्यावरच्या बागा कशा आडव्या केल्या होत्या, हे आम्ही पाहिलेले आहे, आणि तशा वाऱ्यात उघड्यावर उभ्या असलेल्या उंच गाडीत राहण्यापेक्षा झाकणांवरची बोलाचाल परवडते.

जाऊबाईंनी त्याच वर्षीच्या गणपतीत मला स्पष्ट विचारले. घरात मुंबईहून आलेली वीसेक माणसे होती, न्हाणीघरासमोर रांग होती, आणि दुपारच्या जेवणाची उष्टी काढून झाल्यावर त्या गाडीत येऊन बाकावर आडव्या झाल्या होत्या. तान्हे मूल घेऊन आलेल्या सुनेला आम्ही आमचा पलंग दिला होता, ती आत झोपली होती. जाऊबाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "हिस्सा नको असेल तर हक्कसोड लिहून द्या, म्हणजे माझी झोप तरी होईल." मी त्यांना सांगितले, की हक्कसोडपत्र नोंदवून दिले की ते मागे घेता येत नाही, आणि त्यात आमच्या लेकीचाही प्रश्न आहे, म्हणून ते आम्ही देणार नाही, परंतु सासूबाई आणि तुम्ही दोघे असेपर्यंत वाटणी मागणार नाही. "हे पण लिहून द्या," असे त्या म्हणाल्या. पतींनी एका वहीच्या कागदावर ते लिहून सही केली. त्याला कायद्याने फारसे वजन नाही हे मला माहीत आहे आणि त्यांनाही माहीत असावे. कागद त्यांनी देवघरातल्या डब्यात ठेवला आहे.

लेकीचा आक्षेप सर्वांत उशिरा आला, कारण सुरुवातीला तीच आमच्या बाजूने बोलत असे. मैत्रिणींना ती गाडीची छायाचित्रे दाखवी. तिच्या लग्नाची बोलणी सुरू झाल्यावर "मुलीचे आईवडील कुठे असतात?" या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे यावर घरात चर्चा झाली, दादाने डोंबिवली सांगा म्हटले, दिरांनी गावचे घर सांगा म्हटले. एका स्थळाने आमची राहणी ऐकून पुढे काही कळवले नाही, दुसऱ्याच्या वडिलांनी डिझेलचा खर्च किती येतो याचीच तासभर विचारपूस केली. या सगळ्याचे तिला हसू येत असे. रडू आले ते वेगळ्या कारणाने. पहिल्या दिवाळीला ती आमच्याकडे देवगडजवळ आली, बाकावर झोपली आणि पाडव्याच्या सकाळी म्हणाली, "मी तुमच्याकडे येते, पण घरी येत नाही." तिच्या शाळेच्या वह्या, बक्षिसे, कपाटाच्या दारावर चिकटवलेली चित्रे यांचे काय केले, हेही तिने त्याच वेळी विचारले. आम्ही ते सर्व दोन पेट्यांत भरून दादाकडे ठेवले होते. कपाट मात्र फ्लॅटबरोबर गेले होते. लग्न झाल्यावर मी माहेरपणाला कुठे जायचे, या तिच्या प्रश्नावर आजीकडे जा, असे उत्तर देता येत नाही, कारण आजीचे घर हे जाऊबाईंचे घर आहे.

यावर आम्ही काढलेला मार्ग खर्चीक आहे आणि अपुरा आहे. दर दिवाळीला आम्ही किनाऱ्यावर एक आख्खे घर आठवडाभर भाड्याने घेतो, शक्यतो तेच घर, आणि तिच्या पेट्या डोंबिवलीहून आणून तिथे उघडतो. किल्ला, कंदील, फराळ सर्व तिथे होते. तिला ते आवडते, पण आठव्या दिवशी पेट्या पुन्हा बांधताना ती मदतीला येत नाही.

सासूबाईंचे माहेर दाभोळच्या खाडीपलीकडे, हर्णैच्या अलीकडच्या एका वाडीत आहे. गुडघे गेल्यापासून, आणि एसटीत मध्येच उतरण्याची सोय नसल्यामुळे, त्या कित्येक वर्षे तिथे गेल्या नव्हत्या. गाडीत पलंग आहे आणि शौचालय आहे, एवढे पाहून त्यांनी जानेवारीत न्या म्हणून सांगितले. जाऊबाईंनी विरोध केला, की वाटेत काही झाले तर लोक मला विचारतील. तो विरोध रास्त होता, म्हणून दिरांनी सोबत यायचे ठरवले आणि मग जाऊबाईही निघाल्या. गाडीत पाच माणसे झाली. धोपाव्याच्या धक्क्यावर बोट लागेपर्यंत सासूबाई पलंगावर बसून खिडकीतून प्रत्येक ओळखीच्या माणसाला आपण कुठे निघालो आहोत ते सांगत होत्या. माहेरी भाचेसुनांनी त्यांना चार दिवस ठेवून घेतले आणि आम्ही बाकीचे त्यांच्या आगरात गाडी लावून राहिलो. जाऊबाईंनी त्या चार दिवसांत पलंगाला किती खर्च आला, फळी कोणत्या लाकडाची आहे, आणि अशी गाडी जुनी मिळते का, याची मला चौकशी केली.

दादाचा विरोध आता प्रकृतीवर येऊन थांबला आहे. पतींना रक्तदाब आहे आणि किनाऱ्यावर रात्री-बेरात्री हृदयरोगाचा उपचार मिळणे कठीण आहे, हे कोणीही नाकारणार नाही. त्याच्या आग्रहावरून मी एक तक्ता केला आहे. मुक्कामाचा प्रत्येक पट्टा, तिथले जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि गंभीर प्रसंगी कोणत्या गावच्या मोठ्या रुग्णालयात न्यायचे, म्हणजे चिपळूण-गुहागरच्या बाजूला असलो तर डेरवण, मालवणच्या बाजूला असलो तर पडवे, आणि वेंगुर्ल्याच्या खाली असलो तर थेट गोव्यात बांबोळी. भरती-ओहोटीवर आणि रात्री फेरीबोटीवर विसंबता येत नाही, म्हणून तक्त्यात सर्व अंतरे जमिनीवरच्या रस्त्याने धरली आहेत. दादाने तो छापून फ्रिजवर लावला आहे आणि रोज संध्याकाळी आमचे ठिकाण विचारून तो त्यात पाहतो.

पंचावन्नाव्या वर्षानंतर वाहनचालनाचा परवाना दर ५ वर्षांनी नवा करावा लागतो आणि त्यासाठी वैद्यकीय दाखला लागतो. दर नूतनीकरणाला ही राहणी पुढे चालवायची की नाही याचा नव्याने विचार करायचा, असे आम्ही दादाशी ठरवले आहे. पतींचे नूतनीकरण जवळ आले आहे आणि रोख्यांची मुदतही त्यानंतर फार लांब नाही, त्यामुळे सर्वांनी आपापल्या परीने तयारी सुरू केली आहे. दादा डोंबिवलीतल्या छोट्या सदनिकांच्या जाहिराती पाठवतो, लेक पुण्यातल्या पाठवते, आणि जाऊबाईंनी गेल्या आठवड्यात प्रथमच एक जाहिरात पाठवली, ती चिपळूणची आहे. गावापासून जवळ आणि तरीही गावात नाही, असे चिपळूण त्यांना सोयीचे वाटले असावे. आम्ही त्या सदनिकेची चौकशी केली आहे. २२ जुलै २०२१ च्या महापुरात तिथे पाणी कुठवर आले होते आणि ती जागा पुराचा धोका दाखवणाऱ्या निळ्या पूररेषेच्या आत येते की बाहेर, हे दीर पुढच्या खेपेला बाजाराला जातील तेव्हा विचारून येणार आहेत.